सर्वांत कमी डोसाचा गट

९ मे

चिमे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस आणि ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की तू काहीच बोलली नाहीस. कागदावर तुला असं निसटता येत नाही.

काम असं आहे. आमच्या फिनिशिंग खात्यात कापडाला सुरकुती पडू नये म्हणून जे रसायन लावतो, त्याच्या पिंपावरचं नाव मी तुला गेल्या वर्षी कळवलं होतं. तू म्हणालीस, "अरे, हेच तर आम्ही उंदरांना टोचणार आहोत." तेव्हा मी हसलो होतो. आता त्यावरून सुरक्षा समितीत जुंपली आहे. मिश्रणाच्या टाकीवर वाफ ओढून घेणारे पंखे बसवा, असा कुणीतरी अर्ज दिला. पंखे बसवायचे तर छत फोडायला हवं, म्हणजे खातं दोन महिने बंद आणि चाळीस माणसं घरी. कंपनीचे डॉक्टर म्हणतात, वाफेतून अंगात जातं ते इतकं थोडं की त्याचा बाऊ करू नये. अर्ज देणारे म्हणतात, डॉक्टर कंपनीचाच. आणि मी खात्याचा प्रमुख, त्यामुळे दोन्हीकडचे माझ्याच तोंडाकडे बघतात.

टाकीवर गेली एकोणीस वर्षं आमचे मास्तर उभे असतात. शाळेत कधी शिकवलं नाही, पण सगळ्यांना शिकवत असतात म्हणून मास्तर. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वाफेने माणूस मरत असता तर चहाच्या टपरीवर कोण उभं राहिलं असतं?"

तर मला एकच सांग. थोडं चालतं का? तुझे उंदीर काय म्हणतात? समिती पंचवीस तारखेला बसते.

तुझी वहिनी विचारते, तू केस कापलेस ते वाढले का?

दादा

*

१७ मे

प्रिय दादा,

तुझ्या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असं उत्तर नाही. तू चिडशील, पण आधी सगळं वाच.

आमच्याकडे उंदरांचे चार गट आहेत, प्रत्येकात पन्नास. एका गटाला नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तो साधा गट. बाकी तिघांना ते रसायन, कमी, मध्यम आणि जास्त. हे उंदीर मुद्दाम असे निवडलेले असतात की त्यांच्या फुप्फुसांत गाठी लवकर होतात. चार महिन्यांनी प्रत्येक गटातले निम्मे मारायचे आणि उरलेले दहा महिन्यांनी. फुप्फुसं फॉर्मॅलिनमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर गाठी मोत्यासारख्या पांढऱ्या दिसतात. भिंगाखाली एकेक फुप्फुस फिरवून त्या मोजायच्या. ते काम माझं.

पहिल्या टप्प्याची मोजणी झाली आहे. जास्त डोसाच्या पंचवीसच्या पंचवीस उंदरांत गाठी आहेत, एकेकात वीसच्या वर. काही फुप्फुसांत मोकळी जागा शोधावी लागली. मध्यम डोसात पंचविसांपैकी अठरा. सर्वांत कमी डोसात पंचविसांपैकी तीन. आणि साध्या गटात, ज्यांना आम्ही काहीच दिलं नाही, पंचविसांपैकी दोन. तीन आणि दोन यांत फरक म्हणावा असा फरक नाही. म्हणजे चार महिन्यांपर्यंत कमी डोसात वेगळं काही आढळलं नाही.

पण उंदीर म्हणजे माणूस नाही, टोचणं म्हणजे हुंगणं नाही, आणि हा अर्धाच प्रयोग आहे. हे आकडे बाहेर सांगायचे नसतात. तुला सांगितले ते तू विचारलंस म्हणून. कुणाला दाखवू नकोस.

केस वाढले, आणि पांढरेही झाले.

चिमी

*

२ जून

चिमे, तुझ्या तोंडात साखर पडो!

समितीत मी तुझं नाव घेतलं नाही, नात्याचंही बोललो नाही. फक्त म्हटलं, एका प्रयोगशाळेतून खात्रीची बातमी आहे, हेच रसायन, कमी प्रमाणात काही आढळलं नाही. अर्जवाल्यांचा पुढारी म्हणजे आमचा कातरवाला, ताग्यांच्या कडा कापणारा. तो म्हणाला, "कुठली प्रयोगशाळा? घरचीच वाटतं?" सगळे हसले, मीही हसलो. मग मत घेतलं. पंखे वर्षभर पुढे ढकलले, खातं चालू. बाहेर आलो तर पोरांनी मला चक्क उचललं. बावन्नाव्या वर्षी खांद्यावर बसायचं म्हणजे काय, माझी कंबर अजून बोलते आहे.

मास्तर म्हणाले, "उंदरांना माझा नमस्कार सांग. माझ्यापेक्षा जास्त काम केलं त्यांनी."

तू फार काळजी करतेस. लहानपणीही पेपर देऊन आल्यावर तू रडायचीस आणि पहिली यायचीस.

दादा

*

८ जून

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कुणाला सांगू नकोस म्हणून लिहिलं होतं. पण तुझ्यावर रागावण्याचा मला किती हक्क आहे, याचा दोन-तीन दिवस विचार करते आहे.

मला वाटतं, तुझ्या कामाच्या सवयीने तुला फसवलं. तुम्ही शंभर ताग्यांतले दहा उलगडून बघता, दोष आढळला नाही की शिक्का मारता आणि माल गाडीत चढतो. तुझ्याकडे "आढळलं नाही" म्हणजे पास. माझ्याकडे "आढळलं नाही" म्हणजे इतकंच की इतक्या उंदरांत, इतक्या दिवसांत, या भिंगाला दिसलं नाही. कापडातला दोष तपासणीनंतर वाढत नाही. गाठ वाढते. डोस कमी असला तर ती उगवायला जास्त वेळ घेते. उरलेले पंचवीस उंदीर अजून पिंजऱ्यात आहेत, दादा, आणि दाणे खात आहेत.

तुझ्या माणसांना एवढं तरी सांग की निकाल अजून यायचा आहे. नोव्हेंबरात येईल.

चिमी

*

३० जून

चिमे,

कळलं. सांगतो. सध्या मोठी ऑर्डर आहे, मान वर करायला फुरसत नाही. मास्तरांनी डॉक्टरांकडून खोकल्याची बाटली घेतली आणि ती औषधापेक्षा टाकीचं मिश्रण बरं लागतं म्हणून परत केली. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

दादा

*

२१ नोव्हेंबर

प्रिय दादा,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

दुसरा टप्पा संपला. साध्या गटातले चोवीस उंदीर शिल्लक होते, त्यांतल्या पाचांत गाठी होत्या. वय वाढलं की काही न देताही या जातीत एवढ्या होतात. सर्वांत कमी डोसाच्या गटातही चोवीसच उरले होते. त्यांतल्या तेरांत गाठी आहेत.

पाच आणि तेरा. आता हा फरक आहे. डोस कमी केला तर गाठी कमी होतात आणि उशिरा येतात. पण येतात. मे महिन्यात आम्ही फक्त लवकर बघितलं होतं.

आता मी काय केलं ते सांगते. आमच्याकडे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत की कुठला पिंजरा कुठल्या गटाचा. पिंजऱ्यांवर नुसते आकडे असतात, आणि त्यांची यादी आमच्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, कपाटात ठेवतात. प्रयोग पूर्ण झाल्यावरच ती काढायची. मोजणाऱ्याला माहीत असलं की डोळा हवं ते बघतो, म्हणून हा नियम. तुझं मेमधलं पत्र आलं तेव्हा कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, हातमोज्यांची खोकी त्याच कपाटात असतात. मी यादी काढून बघितली. तुझी सभा पंचवीस तारखेला होती आणि तू विचारलं होतंस. तुझ्या पत्राला उत्तर देताना मी हे लपवलं.

म्हणजे नोव्हेंबरात फुप्फुसं हातात घेतली तेव्हा मला माहीत होतं की कुठली सर्वांत कमी डोसाची. मी अगदी काटेकोर राहायचं ठरवलं होतं. दर फुप्फुस दोनदा फिरवलं. कमी डोसाच्या चोवीसांपैकी नऊ मोजले. वहीत नऊ लिहिलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलून सगळी फुप्फुसं पलीकडच्या टेबलावरच्या सहकारिणीला मोजायला दिली. तिला काहीच माहीत नव्हतं. बाकी तिन्ही गटांत तिचे आणि माझे आकडे जवळजवळ जुळले. सर्वांत कमी डोसाच्या गटात तिला तेरा मिळाले.

मग मी त्या चार उंदरांची फुप्फुसं परत भिंगाखाली घेतली. दादा, गाठी होत्या. लहान, पण शंका घेण्याइतक्या लहान नाहीत. एक तर अगदी समोर होती. मी तिला चरबीचा ठिपका समजले असेन, किंवा उजेडाची चमक. खोटं लिहायचं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. हातात मोजणीचा काउंटर होता, डोळा भिंगाला होता, आणि चार वेळा मी तुझ्या बाजूने बघितलं.

बाईंनी मला मोजणीवरून काढलं आहे. आता मी पिंजरे धुण्याची आणि दाणापाण्याची व्यवस्था बघते. हे बरोबरच झालं.

निकाल पुढे छापून येईल, पण तोवर थांबू नकोस. बाईंना विचारून लिहिते आहे, या वेळी त्यांची परवानगी आहे. तुझ्या माणसांना हे पत्र वाचून दाखव. माझ्या नावासकट, नात्यासकट, मी यादी बघितली त्यासकट. ज्या मतावर तुम्ही पंखे पुढे ढकललेत ते मत माझ्या अर्ध्या वाक्यावर उभं होतं.

तुझी,
चिमी

*

२० डिसेंबर

दादा,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं ना? फोन केला तर वहिनी म्हणाली, तू कामावर आहेस, आणि दुसऱ्यांदा म्हणाली, तू झोपला आहेस. सकाळचे दहा वाजले होते.

चिमी

*

२८ डिसेंबर

चिमे,

कुठलं पत्र? मला जूननंतर तुझं काहीच आलं नाही. मला वाटलं, तू उंदरांत रमलीस. आमच्या भागात हल्ली टपालाचा खेळखंडोबाच आहे, शेजाऱ्यांची पत्रं आम्हाला आणि आमची कुणाला कोण जाणे.

इकडे ठीक. ऑर्डर पुरी झाली, दुसरी आली. मास्तर पंधरा दिवस रजेवर आहेत. त्यांची छाती धरली आहे, थंडी यंदा जास्तच. त्यांच्या जागी पाळीपाळीने एकेक जण उभा राहतो.

तब्येतीला जप. तू वाळली असशील, मला न बघताही कळतं.

दादा

*

४ जानेवारी

प्रिय दादा,

चूक माझीच. त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, मी पत्ता अर्धवट लिहिला असेल. टाकताना मी परत वाचून बघितलाही नाही. माझ्या त्या निष्काळजीपणामुळे दीड महिना फुकट गेला.

माझ्याकडे त्या पत्राची नक्कल आहे, कारण मी डायरीत उतरवून ठेवते. ती सोबत जोडली आहे. रजिस्टर्ड पाठवते आहे, म्हणजे सही करून घ्यावं लागेल. वाचल्यावर लगेच समितीपुढे जा. मास्तरांच्या छातीचा फोटो काढला का? नुसती थंडी म्हणून सोडू नका.

रागावलास तरी चालेल. गप्प राहू नकोस.

चिमी

*

१९ फेब्रुवारी

चिमे,

तू पत्ता नीट लिहिला होतास. तुझं नोव्हेंबरचं पत्र मला चौथ्या दिवशी मिळालं होतं. खात्यातच मिळालं, उभ्यानेच वाचलं, आणि नमुन्यांच्या तुकड्यांखाली खणात घातलं. पत्र आलंच नाही हे मी तुला खोटं लिहिलं. त्यावर तू स्वतःला दोष देऊन रजिस्टर्ड पाठवलंस. त्यावर सही केली आणि तेही खणात घातलं.

का ते विचारू नकोस, तरी सांगतो. ज्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं त्यांच्यासमोर उभं राहून "मी चुकलो" म्हणायला जीभ उचलेना. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. मग कुणीतरी म्हणायचं, "साहेब, चहा," आणि दिवस सुरू व्हायचा.

जानेवारीत मास्तरांचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात आहे. डॉक्टर म्हणाले, मोठं आहे. मी भेटायला गेलो. खाटेवर बसले होते, पाठीला दोन उशा. बोलताना मधे थांबतात, पण बोलतात. म्हणाले, "तुझी बहीण त्या उंदरांकडे असते ना?" मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं. म्हणाले, "अरे, त्या सभेपासून सगळ्यांना माहीत आहे. तुला काय वाटलं, कातरवाला ‘घरचीच’ उगाच म्हणाला?" मग म्हणाले, "तिला एक विचार. मी कुठल्या गटातला?"

चिमे, मी घरी न जाता सरळ खात्यात गेलो, खणातून दोन्ही पत्रं काढली आणि पाळी बदलताना सगळ्यांना थांबवून तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तू यादी बघितलीस ते, नऊ आणि तेरा, सगळं. मग माझं सांगितलं. तारखांसकट.

मला वाटलं होतं, कुणीतरी अंगावर येईल. कुणी आलं नाही. कातरवाल्याने विचारलं, "नोव्हेंबर ते आज, किती दिवस झाले?" दुसरा म्हणाला, "बहिणीने चार उंदीर बघितले नाहीत, तर जाऊन सांगितलं. तुमच्यासमोर तर आम्ही चाळीस माणसं होतो." आणि तो कपडे बदलायला निघून गेला. ज्या पोरांनी मला उचललं होतं त्यांतला एक जाता जाता माझ्या टेबलावरचा पेला उचलून नळाखाली विसळून ठेवून गेला. त्याचा अर्थ मला अजून लागत नाही.

समितीतून मी नाव काढून घेतलं. ठराव झाला, एकमताने. छत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोडणार. तोवर हातातली ऑर्डर पुरी करायची आहे, कंपनी त्यावर अडून बसली आहे. मास्तरांच्या जागी टाकीवर उभं राहायला आता कुणी तयार नाही. पाळी लावली तर दोघे घरी निघून गेले, त्यांना काय म्हणणार? म्हणून सोमवारपासून मी उभा राहतो. पूर्ण पाळी, रोज. तोंडाला फडकं बांधतो, पण वास येतोच, गोडसर. मास्तर नेहमी म्हणायचे, त्याची सवय लागते, ते उगाच नव्हतं.

तुझ्या वहिनीला हे सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

मास्तरांना काय सांगू ते कळव. लवकर कळव.

दादा

*

२५ फेब्रुवारी

दादा,

आधी मास्तरांचं. त्यांना खरं सांग, त्यांना खोटं चालणार नाही. आमच्या साध्या गटातल्या पाच उंदरांत गाठी होत्या आणि आम्ही त्यांना काहीही दिलं नव्हतं. कमी डोसाच्या तेरांपैकी काहींना रसायन नसतं तरी झाल्याच असत्या. कुठल्या, ते कुणालाच सांगता येत नाही. फुप्फुस हातात घेऊन, कापून, भिंगाखाली ठेवूनही सांगता येत नाही. गाठीवर कारण लिहिलेलं नसतं. मला फक्त गट दिसतो, त्यातला एकटा उंदीर दिसत नाही. कंपनीचे डॉक्टर हेच वाक्य घेऊन येतील आणि म्हणतील, बघा, सिद्ध होत नाही. त्यांना सांग की एकट्या मास्तरांचं सिद्ध होत नाही, गटाचं होतं, आणि तुमचे चाळीस जण म्हणजे गटच. आणि मास्तरांना सांग, मी कुठल्या गटातला, हे त्यांनी विचारलं ते बरोबर विचारलं. उत्तर माझ्याकडे नाही. मला त्याची लाज वाटते.

तुझ्या खोट्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मी तुझ्याआधी लपवलं होतं.

आता तुझं. मी काल दिवसभर हिशेब करत होते. सात आठवडे, रोजचे आठ तास, टाकीपासून हातभर अंतर, तुझं वजन. कागद भरले. बाईंनी एक उचलून बघितला आणि विचारलं, "हा कुठला गट?" मी म्हटलं, "माझा भाऊ." त्यांनी कागद जिथल्या तिथे ठेवला. हिशेबातून काही निघत नाही. सात आठवड्यांनी कदाचित काहीच होणार नाही. किंवा होईल, आणि वीस वर्षांनी आपल्या दोघांनाही कळणार नाही की ते कशाने झालं. याहून जास्त मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी यापुढे तुझ्यासाठीही लिहिणार नाही.

मला कळतं, तू तिथे का उभा आहेस. शिक्षा म्हणून उभा आहेस. आणि तू उतरलास तर ऑर्डर थांबणार नाही, तुझ्या जागी दुसऱ्याला उभं करतील, कदाचित त्या पेला विसळणाऱ्यालाच. त्यालाही कुणी बहीण असेल. तिने मला विचारलं, तुझा भाऊ उतरला म्हणून माझा का चढला, तर मी तिला काय सांगणार? चव्वेचाळीस वर्षांची झाले, आजवर सगळं मोजूनमापून लिहीत आले. हे एवढं एक मला मोजून लिहिता येत नाही. त्या मुलाचा चेहरा मी कधी बघितलेला नाही. तो डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला, आणि तरीही लिहिते आहे.

दादा, उतर.

चिमी